शेरब्रुकच्या रानातला नकलाकार

मेलबर्नला कन्येकडे गेलो असता आम्ही उभयता जवळच्या शेरब्रुकच्या रानात लायरबर्ड पाहावयास गेलो. महिना जूनचा, म्हणजे तिकडे ऐन हिवाळा, आणि या पक्ष्याचा गाण्याचा हंगाम. पक्षी मोठा लाजाळू. वृक्षाएवढ्या नेच्यांआड आम्ही तासभर निश्चल उभे होतो. प्रथम कुकाबुराचे, म्हणजे तिकडच्या थोराड खंड्याचे, खदखदा हसणे. मागोमाग व्हिपबर्डची लांब शीळ आणि चाबकाचा फटकारा. मग पोपटांचा कलकलाट. वाचकहो, सारे एकाच कंठातून! मग मातीच्या उंचवट्यावर चढून त्याने आपली १६ पिसांची शेपटी मस्तकावरून पुढे पालटली. ती रुपेरी जाळी थरथरू लागली, आणि नेमका त्याच क्षणी आम्हांस खोकला आला. पक्षी पसार! सौभाग्यवतींनी दिवसभर अबोला धरला. तो रास्तच होता.

परतताना कन्येने सांगितले, की तरुण नर या नकला बव्हंशी वडीलधाऱ्या नरांकडून उचलतात. १९३४ पासून काही लायरबर्ड टास्मानिया बेटावर नेऊन सोडण्यात आले. तेथे व्हिपबर्ड नाही. तरीही त्यांचे वंशज कित्येक दशके व्हिपबर्डची शीळ घालीत राहिले.

आम्ही पाच पिढ्यांचे इंदूरकर. आमच्या आजीने समुद्र जन्मात पाहिला नव्हता. पण घरात पाहुणे जमू लागले की ती म्हणे, "भरती आली"; आणि टांगे दाराशी लागले की, "लागली हो ओहोटी."