बाटलीची मागची बाजू

तुळजापुरात नळदुर्ग रस्त्याला आमचं मेडिकल आहे. लग्नानंतर मी काउंटरला बसायला लागले तेव्हा चेहऱ्यासाठी म्हणून विकला जाणारा माल एका फळीवर मावायचा. गोरेपणाची क्रीम, व्हॅसलीन, ग्लिसरीन, गुलाबपाणी, संपलं. आता पोरी मोबाईलवर फोटो दाखवून विचारतात, "काकू, हे सीरम आहे का?" बऱ्याचदा नसतं. मग त्या ते ऑनलाइन मागवतात आणि पार्सल आलं की डबी घेऊन माझ्याचकडे येतात. "जरा बघा ना, लावू का?" माल एकाचा आणि सल्ला दुसऱ्याचा. आमच्या ह्यांना ते पटत नाही. मला मात्र या कामात गोडी आहे. डी.फार्म.ला घोकलेलं रसायनशास्त्र एरवी कुठे वापरायला मिळतं?

मागच्या उन्हाळ्यात अणदूरची एक मायलेकीची जोडी आली. मुलगी इथल्याच कॉलेजात बी.एस्सी. करते. आईच्या दोन्ही गालांवर वांग, सोयाबीनच्या रानात वर्षानुवर्षं खुरपून आलेला. मुलीने पर्समधून दोन बाटल्या काढून काचेवर ठेवल्या. एक तिची, दुसरी पुण्याच्या मावसबहिणीने आईसाठी पाठवलेली.

"ताई, साडेसहाशे रुपये दिलेत हिनं," आई म्हणाली. "बाटली बघा, अंगठ्याएवढी. आन आत काय तर पाणी."

पाणी हा शब्द आईने रागाने वापरला, पण ती चुकली नव्हती. असं हलकं सीरम बहुतेक करून पाणीच असतं. यादीत पहिलं नाव 'अ‍ॅक्वा'. त्याच्या मागे ग्लिसरीन, प्रोपेनडायॉल किंवा ब्युटिलीन ग्लायकॉल, म्हणजे पाणी धरून ठेवणारे पातळ पदार्थ. तेल नाही, मेण नाही, म्हणून ते ओशट लागत नाही आणि चटकन जिरतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. अशा दिवसांत जाड क्रीम तोंडावर ठेवणं नकोसं होतं, त्यामुळे पोरींना हलकं काहीतरी हवं असतं यात नवल नाही. पण हलकेपणाचा आणखी एक मार्ग असतो, तो दुसऱ्या बाटलीत होता. त्याकडे येते.

स्ट्रिपवरचा बॅच नंबर वाचायला मी गल्ल्यात भिंग ठेवते. ते काढलं आणि मुलीला म्हटलं, "पुढची बाजू झाकून धर. पुढे जाहिरात असते. आपल्याला मागचं वाचायचंय."

मागचं वाचायची रीत फार अवघड नाही. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी 2020 चे कॉस्मेटिक्स रूल्स आहेत. त्यांत असं आहे की एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे, आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कुठल्याही क्रमाने. म्हणजे यादीत एक अदृश्य रेघ असते. रेघेच्या वर मापाप्रमाणे रांग, खाली कंपनीची मर्जी. ही रेघ छापलेली नसते, ती शोधावी लागते. मी फिनॉक्सिइथेनॉल शोधते. बाटली नासू नये म्हणून घालतात ते हे परिरक्षक. ते एक टक्क्याच्या वर वापरायची परवानगी नाही. तेव्हा त्याच्या मागे जे जे आलं ते सगळं एक टक्का किंवा त्याच्या आत. याच नियमांत एक पळवाटही आहे. साठ मिलीपेक्षा लहान द्रवाच्या बाटलीवर घटकांची यादी दिली नाही तरी चालते. सीरम असतं तीस मिलीचं! बऱ्याच कंपन्या तरीही यादी छापतात, ते ठीक. पण ज्या छापत नाहीत त्यांना कायद्याने विचारता येत नाही, हे मला आजही खटकतं.

मुलीची बाटली साधी निघाली. अ‍ॅक्वा, मग लगेच नायसिनमाइड, प्रोपेनडायॉल, झिंक पीसीए, झँथन गम, फिनॉक्सिइथेनॉल. अजून एक-दोन नावं आणि यादी खलास. सुगंध नाही, रंग नाही. पुढे 'दहा टक्के नायसिनमाइड' लिहिलं होतं आणि मागे ते दुसऱ्या नंबरला होतं, म्हणजे मागची बाजू पुढच्या बाजूला खोटं पाडत नव्हती. हातावर थेंब टाकून चोळला. किंचित चिकट, मग काहीच नाही.

"काकू, हे नवीन शोधलंय ना?" मुलीने विचारलं.

नवीन कसलं! नायसिनमाइड म्हणजे बी-3 जीवनसत्त्व. 1975 साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीत तेच होतं. 2020 मध्ये त्या क्रीमचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं, आणि साधारण त्याच सुमारास हेच जीवनसत्त्व ड्रॉपरच्या बाटलीत बसून पोरींच्या मोबाईलवर झळकायला लागलं. आईच्या लग्नाच्या पेटीत जी ट्यूब होती, तिच्यातला एक घटक लेक वेगळ्या भावाने घेत होती. दोघींना हे सांगितल्यावर आई इतक्या जोरात हसली की बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक आत डोकावलं.

या जीवनसत्त्वाशी आपल्या मुलखाचं नातं तर त्याहून जुनं आहे. आमचा धाराशिव जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि इथलं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतले डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी ज्वारीवरच पोट असलेल्या गरीब माणसांत पेलाग्रा पाहिला होता. बी-3 कमी पडलं की होणारा हा रोग. उन्हात उघडी राहणारी कातडी, गळा, हाताचे पंजे काळे पडतात, खवले सुटतात. 1960 साली त्यांनी लॅन्सेटमध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाशी त्याचा संबंध जोडला. त्यावर पुढे वाद झाले, पण औषध तेच राहिलं, हेच जीवनसत्त्व पोटातून द्यायचं. कॉलेजात हा धडा शिकवताना सरांनी वर्गाकडे बघून "घरी डाळ खाता ना रे?" असं विचारलं होतं, ते आठवतं. म्हणजे आपल्याकडे ही गोष्ट आधी भाकरीसोबत काय खाल्लं याची होती, गालाला काय लावलं याची नंतर झाली.

कातडीवर लावल्यावर ते काय करतं? काळा रंग तयार करणाऱ्या पेशी तो रंग वरच्या पेशींना पोचवतात, ती पोच थोडी मंदावते. डाग पुसट होतात, पण काही आठवडे लागतात आणि लावणं सोडलं की पुन्हा पहिल्यासारखं होऊ शकतं. ज्या अभ्यासांच्या जोरावर ही सीरमं विकली जातात त्यांत दोन ते पाच टक्के वापरलेलं आहे. दहा टक्क्यांनी दुप्पट फायदा होतो असं नाही, काहींना नुसती चुणचुण होते. मी मुलीला म्हटलं, चांगलं आहे, लाव. पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघ, खाज सुटली नाही तर चेहऱ्याला.

आता दुसरी बाटली. तिच्यात सोनं तरंगत होतं. काचेची, जड, सोनेरी टोपणाची. पुढे 'चोवीस कॅरेट' आणि 'केशर'. किंमत पहिलीच्या जवळपास दुप्पट. आईचा जीव या बाटलीवर होता, ते तिने ती दोन्ही हातांनी धरली होती त्यावरून कळत होतं.

भिंग मागच्या बाजूला नेलं. पहिलं नाव सायक्लोपेंटासिलोक्सेन, दुसरं डायमेथिकोन. दोन्ही सिलिकोन. पहिलं उडून जाणारं, दुसरं मागे राहून कातडी गुळगुळीत भासवणारं. हलकेपणाचा दुसरा मार्ग म्हणाले तो हा. बोटाला रेशमासारखं लागतं, मिनिटभरात कोरडं होतं. यात वाईट काही नाही, पण डागावर याचा काडीचा उपयोग नाही. त्यानंतर परफ्यूम. मग फिनॉक्सिइथेनॉल. मग लिमोनीन, लिनालूल, म्हणजे अत्तराच्याच घरची मंडळी, काही कातड्यांना न सोसणारी. मग क्रोकस सटायव्हस, म्हणजे केशर. मग अभ्रक, आणि अगदी शेवटी सीआय 77480. हा आकडा म्हणजे सोनं. चमकत होतं ते बहुतांशी अभ्रक. सोनं होतं, खोटं नव्हतं, पण रेघेच्या खाली, यादीच्या शेपटाला.

रेघेच्या खालचं सगळंच बिनकामाचं असतं असं मात्र समजू नये. सोडियम हायलुरोनेट एक टक्क्याच्या आतच काम करतं, रेटिनॉलही तसंच. त्यामुळे नुसती जागा बघून भागत नाही, ती वस्तू किती लागते हेही माहीत असावं लागतं. सोन्याने वांग जातो असं मात्र मी कुठे वाचलेलं नाही.

"म्हणजे लावू नको?" आईने विचारलं.

"लावा, वास आवडत असेल तर. पण यानं वांग जाणार नाही, वहिनी. उन्हात जायच्या आधी सनस्क्रीन लावा, ते घामानं जातं म्हणून दुपारी परत लावा आणि स्कार्फ बांधा. वांगाला खरं खतपाणी उन्हाचं असतं."

व्हिटॅमिन सीच्या सीरमबद्दलही पोरी विचारतात. एस्कॉर्बिक आम्लाला ऊन आणि उष्णता सोसत नाही. आमच्या भागात पार्सलची गाडी तापत उभी असते, मग घरी पत्र्याखाली आणखी तापते. बाटली उघडली आणि आतलं पाणी चहाच्या रंगाचं दिसलं, तर यादी कितीही सुरेख असो, ते परत पाठवावं.

पण खरं सांगायचं तर या छापील बाटल्यांची मला फारशी चिंता वाटत नाही. त्यांच्याकडून फार तर पैसे वाया जातील. चिंता वाटते ती बिननावाच्या डब्यांची. तुळजापुरात कुंकवाचे ढीग लागतात, नवरात्रात बाया कपाळभर मळवट भरतात. हळदीला चुन्याची प्रक्रिया करून केलेलं कुंकू वेगळं आणि स्वस्त रंग मिसळलेलं वेगळं. कपाळाच्या मधोमध काळसर चट्टा घेऊन बाई सीरम मागायला येते तेव्हा मी आधी कुंकवाची पुडी मागते. पुडीवर यादी नसते. टिकलीचंही तसंच. काही टिकल्यांच्या डिंकातल्या रसायनाने टिकलीएवढा पांढरा डाग पडतो, हे त्वचेच्या डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. अशा कपाळाला कुठलंच सीरम नको असतं, ते रोजचं कुंकू किंवा टिकली आधी थांबवावी लागते. हे सांगणं आपल्याकडे सोपं नाही. सासूबाई सोबत असल्या तर मुळीच नाही.

त्याहून वाईट ती पार्लरमधून पांढऱ्या डबीत मिळणारी 'नाइट क्रीम'. एक नवी नवरी आली होती. आठवड्यात उजळले म्हणून खूश होती, नंतर लाली, बारीक पुरळ, गालांवर लव. क्रीम बंद केली की आग व्हायची, म्हणून परत लावायची. हे स्टिरॉइडचं लक्षण. 2018 मध्ये सरकारने कातडीला लावायची बरीच स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी आमच्या काउंटरला "ती तीन औषधांची ट्यूब द्या" म्हणून, म्हणजे स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब मागायला, लोक येतातच. मी देत नाही, त्यावरून गिऱ्हाईक तुटतं आणि घरी बोलणी बसतात. त्या नवरीला सोलापूरच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे धाडलं.

2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली तेव्हा मी तिचं कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवलं. एका मुलीचं, तिच्या आईचं आणि बहिणीचं मूत्रपिंड बिघडलं होतं, आणि बोट एका चेहऱ्याच्या क्रीमकडे गेलं. तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला. नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा चुकून आला तरी दहा लाखांत एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण डबीवर काहीच छापलेलं नसेल तर कोण मोजणार?

अणदूरच्या आईने सोन्याची बाटली पर्समध्ये परत ठेवली, लग्नाकार्याला लावीन म्हणाली. जाताना एक सनस्क्रीन आणि ग्लिसरीनची बाटली घेतली. हलक्या सीरममध्ये पाण्याच्या मागे ग्लिसरीन असतं, हे तिने पाठ केलं होतं.

तुमच्या घरात अशी बिननावाची डबी असेल तर आजपासून लावणं थांबवा. पण रागाने ती उकिरड्यावर फेकू नका. त्वचेच्या डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या, आत काय आहे हे तपासायला तीच लागते.