सात नंबरची काठी

केळापूर तालुक्यात गोल्फचे मैदान नाही, आणि ते व्हावे अशी कुणाची मागणीही नाही. आमच्याकडे कापूस आहे, तूर आहे, टिपेश्वरचे वाघ आहेत आणि पांढरकवड्यावरून जाणारा नागपूर-हैदराबाद महामार्ग आहे. त्या महामार्गाने आमची पोरे हैदराबादला नोकरीसाठी जातात. त्याच रस्त्याने गोल्फ माझ्या घरापर्यंत आला.

माझा भाचा तिकडे एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याने व्हॉट्सअॅपवर तीन सेटचे तक्ते पाठवले आणि खाली लिहिले, ‘मामू, इनमें से कौनसा लूँ?’ गोल्फ मी कधी खेळलेलो नाही. पण आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात माझी नोकरी गेली. तक्त्यात खेळ कुठेच नव्हता. होते ते अंश, इंच, ग्रॅम आणि धातूंची नावे. हे सगळे मला वाचता येते. त्यामुळे मी तो तक्ता घेऊन बसलो.

गोल्फच्या ज्या काठ्यांचे डोके पातळ, लोखंडी असते त्यांना ‘आयर्न’ म्हणतात. पूर्वी त्यांना मॅशी, निब्लिक अशी नावे होती. पोलादी दांड्यांचे जुळणीचे सेट आले तेव्हा नावे मागे पडली आणि आकडे आले. आकडा लहान तेवढी काठी लांब आणि तिचे तोंड उभे, म्हणजे चेंडू लांब जातो. आकडा मोठा तेवढी काठी आखूड आणि तोंड तिरपे, म्हणजे चेंडू उंच उडतो आणि लवकर थांबतो. या तिरपेपणाला ‘लॉफ्ट’ म्हणतात. सेट पाहताना पहिली नजर इथे टाकायची.

भाच्याचा हिशेब असा होता की तिन्ही सेटमध्ये सात नंबर आहे, म्हणजे ती काठी तिन्हीकडे एकच. तक्ता वेगळेच सांगत होता. एका सेटमध्ये सात नंबरचा लॉफ्ट 34 अंश, दुसऱ्यात 31 आणि तिसऱ्यात 28. जुन्या सेटमध्ये 31-32 अंशांना सहा नंबर म्हणत आणि 28 च्या आसपास पाच नंबर. म्हणजे तिसऱ्या कंपनीने पाच नंबरच्या काठीवर सात कोरले होते. दुकानात गिऱ्हाईक सात नंबर मारून बघते, चेंडू पंधरा-वीस यार्ड पुढे पडतो आणि ते खूश होते.

मला आधी हा मापातल्या खोटेपणाचा प्रकार वाटला. कुरआनात मापात मारणाऱ्यांबद्दल स्वतंत्र सूरह आहे, मुतफ्फिफीन. कापूस काट्यावर चढवताना आमच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात तीच धाकधूक असते. पण पुढे वाचल्यावर दुसरी बाजू कळली. नव्या डोक्यांत वजन तळाशी आणि मागे सरकवलेले असते, त्यामुळे चेंडू आपोआप उंच उठतो. तो फार वर जाऊ नये म्हणून तोंड उभे करावे लागते. शिवाय कंपनी तक्त्यात खरा कोन छापते. वाचायचा की नाही हे आपल्यावर आहे. वीस क्विंटल कापूस म्हटला तरी त्यात ओल किती हे विचारावेच लागते. सात नंबर म्हटले की अंश किती हे विचारावे.

लॉफ्ट असा सरकवला की त्याचा भार सेटच्या शेवटच्या टोकावर येतो. तिसऱ्या सेटमधला पिचिंग वेज 43 अंशांचा होता. वाळूतून चेंडू काढायचा सँड वेज साधारण 56 अंशांचा असतो. मधे 13 अंशांची दरी पडली. ती भरायला आणखी एक-दोन काठ्या विकत घ्याव्या लागतात. नियमाने थैलीत जास्तीत जास्त 14 काठ्या ठेवता येतात. लांब पडणाऱ्या सात नंबरची किंमत अशी दुसऱ्या खिशातून जाते.

दुसरे माप ‘लाय’चे. काठी जमिनीवर टेकवली की दांडा जमिनीशी जो कोन करतो तो लाय. सात नंबरला तो साधारण 62 अंश असतो. हा कोन माणसाच्या उंचीवर आणि हाताच्या लांबीवर ठरतो. सरळ उभे राहायचे, हात सैल सोडायचे आणि मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजायचे. काठी उभ्या कोनाची असेल आणि माणूस ठेंगणा, तर डोक्याचे पुढचे टोक हवेत राहते आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. कोन फार आडवा असेल तर चेंडू उजवीकडे.

हे त्याला फोनवर सांगितले तेव्हा तो थोडा वेळ बोललाच नाही. मग हळूहळू सगळे बाहेर आले. त्याच्या ऑफिसातले वरचे लोक रविवारी सकाळी गोल्फ खेळतात. कामाच्या अर्ध्या गोष्टी तिथेच ठरतात. त्यालाही दोन-तीनदा बोलावले. कुणाचा तरी सेट त्याला उसना दिला. प्रत्येक चेंडू डावीकडच्या झाडीत गेला. लोक हसले, वाईट हेतूने नव्हे, पण हसले. त्याने मनाशी धरले की हा आपला खेळ नाही. पांढरकवड्याचा पोरगा, उर्दू शाळेत शिकलेला, बाप कपाशीवाला. या गवतावर आपण शोभत नाही. म्हणून तो आता सगळ्यात महाग सेट घ्यायला निघाला होता.

मी विचारले, उसना सेट कुणाचा होता? म्हणाला, सहा फूट उंच साहेबांचा. भाचा पाच फूट पाच इंच आहे आणि त्याचे हात लांब आहेत. मनगट ते जमीन अंतर मोजायला लावले तर कंपनीच्या कोष्टकात त्याला दोन अंश आडवी काठी हवी होती. चेंडू झाडीत जाण्याचे निम्मे कारण तरी दुसऱ्याच्या मापाचे लोखंड होते, आणि पोराने ते सगळे आपल्या घराण्यावर घेतले होते.

हे मापाचे शास्त्र ज्यांनी रुजवले त्यांत कार्स्टन सोल्हाइम हे मोठे नाव. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला हा माणूस आधी जोडे दुरुस्त करायचा, मग इंजिनिअर झाला. 1959 मध्ये त्याने पिंग ही कंपनी काढली. लाय ओळखायला काठीवर रंगीत ठिपके लावायची पद्धत त्याचीच. काळा ठिपका म्हणजे साधारण माप, बाकीचे रंग त्याहून उभ्या किंवा आडव्या कोनाचे. ज्याने जोडे शिवले त्याला एकच माप सगळ्यांना घालता येत नाही हे कुणी शिकवावे लागले नसेल.

डोक्याचे वजन कडेला न्यायची कल्पनाही त्याने पुढे नेली. मागून पोकळ असलेल्या अशा डोक्याला ‘कॅव्हिटी बॅक’ म्हणतात. फ्लायव्हीलचे वजन कडेला का ठेवतात हे ज्याला कळते त्याला हेही कळेल. चेंडू मधोमध लागला नाही तरी डोके हातात फिरत नाही. याउलट ‘ब्लेड’ म्हणजे पातळ, भरीव डोके. ते दिसायला देखणे, पण चूक जराही पोटात घालत नाही. भाच्याला ब्लेडच हवे होते, कारण मोठे खेळाडू ते वापरतात.

धातूचेही दोन प्रकार. काही डोकी मऊ पोलादाची, घडवलेली असतात. काही स्टेनलेस स्टीलची, ओतीव. ओतकाम मेणाच्या साच्याने होते. पैनगंगेपलीकडे आदिलाबाद भागातले ओझा कारागीर ढोकऱ्याच्या पितळी मूर्ती ज्या तत्त्वावर करतात, तेच हे. ओतीव डोके वाईट नसते, पण त्यातले कठीण पोलाद वाकवताना त्रास देते. घडवलेले मऊ डोके शिकंजात धरून एक-दोन अंश सहज वाकवता येते. भाच्याला दोन अंशांची गरज होती, म्हणून आमच्यासाठी हा मुद्दा मोठा ठरला.

दांड्यावर एल, ए, आर, एस, एक्स अशी अक्षरे असतात. ती दांडा किती लवतो ते सांगतात. त्यांना सगळ्या कंपन्यांचे मिळून एक प्रमाण नाही. एकाचा आर दुसऱ्याच्या एसइतका ताठ असू शकतो. तळाचा ‘बाउन्स’ नावाचा कोनही पाहावा. वखराची पास जास्त तिरपी बसवली की मातीत घुसते, कमी केली की वरून सरकते. इथेही तेच: भुसभुशीत जमिनीला बाउन्स जास्त, कडक जमिनीला कमी. पावसाळ्यात चिकटणारी आणि मेमध्ये भेगाळणारी काळी माती ज्याने पाहिली त्याला हे वेगळे शिकवायला नको.

नव्या सेटची किंमत एक लाख वीस हजार होती. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. म्हणजे जवळपास 15 क्विंटल कापूस. आपाला कळले तेव्हा ती एकच शब्द बोलली, ‘इस्राफ’. दुल्हाभाई काहीच बोलले नाहीत. याच पोराच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी त्यांनी किती क्विंटल विकला, ते त्यांना तोंडपाठ असणार.

मी आपाची बाजू घेतली नाही आणि भाच्याचीही पूर्ण घेतली नाही. खेळ हा इस्राफ नाही. ज्या जागेवर कामाचे निर्णय होतात तिथे आपले पोरगे ताठ मानेने उभे राहावे, यातही गैर काही नाही. पण कुणाला तरी दाखवण्यासाठी, आपल्या हाताला न बसणारी वस्तू दुप्पट दाम देऊन घेणे, हा इस्राफच.

त्याला मी अली शेर यांच्याबद्दल सांगितले. दिल्ली गोल्फ क्लबच्या आवारात लाल बंगला आणि इतर मुघलकालीन वास्तू आहेत. त्याच मैदानावर कॅडी म्हणून इतरांच्या थैल्या वाहता वाहता अली शेर खेळ शिकले, आणि 1991 साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. 1993 मध्ये त्यांनी ती पुन्हा जिंकली. बांगलादेशचे सिद्दीकुर रहमानही ढाक्यात असेच मैदानावर काम करत शिकले आणि 2013 मध्ये दिल्लीतच इंडियन ओपन जिंकले. गवतावर शोभणे-न शोभणे सेटच्या किमतीवर असते तर ही दोन नावे त्या चषकावर आलीच नसती.

शेवटी भाच्याने चाळीस हजारांत वापरलेला सेट घेतला. घडवलेला कॅव्हिटी बॅक, सात नंबर 33 अंश, पिचिंग वेज 46. पाच नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत सहा काठ्या आणि वेगळा एक सँड वेज. दुकानात त्या दोन अंश आडव्या करून घेतल्या. माप बरोबर बसले का हे तपासायचा उपाय मी सांगितला. चेंडूवर मार्करने जाड रेघ ओढायची, ती उभी राहील असा चेंडू ठेवायचा आणि मारायचा. काठीच्या तोंडावर रेघ उभी उमटली तर लाय बरोबर, कलली तर अजून काम बाकी. वर्कशॉपमध्ये दोन पृष्ठभाग नीट बसतात का हे आम्ही निळा रंग लावून असेच बघायचो.

त्याने फोटो पाठवला. रेघ जवळजवळ उभी आहे, किंचित डावीकडे झुकलेली. अर्धा अंश असेल. तो म्हणाला, राहू दे. मी म्हणालो, नाही, परत जा आणि तेवढेही काढून घे. पैसे तू मोजलेस.