दोन हिशेब



धार आणि देवास ही नावे मराठी कानांना परकी नाहीत. माळव्यातील ह्या संस्थानांवर पवार घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या राज्य केले. देवासचे नाव निघाले की मला मात्र राजवाडा आठवत नाही. आठवते ती त्या जिल्ह्यातील उदयनगर गावची एक धर्मभगिनी.

सिस्टर राणी मरिया ह्यांचा जन्म १९५४ साली केरळातील एका शेतकरी कुटुंबात झाला. फ्रान्सिस्कन क्लारिस्ट संघाच्या ह्या भगिनी १९९२ साली उदयनगरला आल्या. तेथील आदिवासी सावकाराच्या व्याजात पिचलेले होते. सिस्टरांनी त्यांना बँकेचे कर्ज कसे मिळवावे, बचत कशी करावी, सरकारी योजनांचा लाभ कसा घ्यावा, हे शिकविले. सावकारांना हे रुचले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समुंदरसिंग नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून ठार केले.

त्याला जन्मठेप झाली. २००२ साली राणी मरियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी, तुरुंगात गेली आणि तिने त्याच्या मनगटावर राखी बांधली. पुढे त्या कुटुंबानेच त्याच्या सुटकेसाठी रदबदली केली व २००६ साली तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या घरी गेला, तेव्हा वृद्ध मातेने त्याच्या हातांचे चुंबन घेतले. ज्या हातांनी लेक मारली, त्याच हातांचे! ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मरिया ह्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले.

ह्या भगिनींनी गरिबांचा हिशेब चोख ठेवला आणि त्यांच्या घरच्यांनी स्वतःचा हिशेब सोडून दिला. घरोघरी भेटी देताना मला बहुधा याच्या उलट दिसते. मजुराची मजुरी देताना आपण विसरभोळे होतो. भावाने बांध कोरल्याची गोष्ट मात्र आजोबांपासून तोंडपाठ असते. एकाच मिस्साबलिदानाला दोघे येतात, एकच ख्रिस्तप्रसाद घेतात आणि दाराबाहेर पडताच तोंडे फिरवितात.

क्षमा म्हणजे अन्यायाला न्याय म्हणणे नव्हे. समुंदरसिंगाचा अपराध अपराधच राहिला. फक्त त्या घराने वैर पुढच्या पिढीला वारसा म्हणून दिले नाही.

येत्या रविवारी मंदिराची वाट धरण्यापूर्वी मजुराचे देणे चुकते करा आणि बांधापलीकडच्या घराचे दार वाजवा.