कमावलेला आवाज

चि. भाचीस,


इयन रिचर्डसन या स्कॉटिश नटाचा जन्म 7 एप्रिल 1934 रोजी एडिंबरात झाला. चौदाव्या वर्षी त्याने हौशी नाटकात काम केले. दिग्दर्शकाला पोरगा गुणी वाटला, पण नट व्हायचे तर बोलण्यातला स्कॉटिश हेल गेला पाहिजे, असे त्याने बजावले. आईने शिकवणी लावली आणि हेल गेला. 'न' आणि 'ण'वरून माणसाची पारख करणाऱ्या मराठी मुलखाला यात नवे काही नाही.

सक्तीच्या लष्करी सेवेत तो सैन्याच्या रेडिओवर निवेदक होता. पुढे ग्लासगोत नाट्यशिक्षण, बर्मिंगहॅमला हॅम्लेट आणि 1960 मध्ये शेक्सपिअरचे गाव स्ट्रॅटफर्ड. पीटर हॉल तेव्हा जी कंपनी उभी करत होता, तीच रॉयल शेक्सपिअर कंपनी. रिचर्डसन तिथे 15 वर्षे रमला. पीटर ब्रुकने बसवलेल्या 'मारा/साद' या नाटकात तो लंडनला निवेदक होता, तर 1965 मध्ये न्यूयॉर्कला खुद्द फ्रेंच क्रांतिकारक मारा. पण खरी कसोटी 1973 ची. जॉन बार्टनने बसवलेल्या 'रिचर्ड दुसरा'मध्ये तो आणि रिचर्ड पास्को आळीपाळीने भूमिका बदलत: एका रात्री गादी गमावणारा राजा, दुसऱ्या रात्री ती बळकावणारा बोलिंगब्रोक. दोन्ही भूमिका तोंडपाठ ठेवणे हा त्यातला सोपा भाग.

1976 मध्ये ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी' पुन्हा आले, तेव्हा तो प्रोफेसर हिगिन्स झाला. 'ती फुलराणी'तल्या अशोक जहागीरदारांचा मूळपुरुष. स्वतःची बोली पुसून घडलेला नट रोज रात्री दुसऱ्या कुणाची बोली पुसत होता. टोनी पुरस्कारासाठी नामांकनही मिळाले.

घराघरात तो पोचला टेलिव्हिजनमुळे. 1979 च्या 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'मध्ये तो बिल हेडन होता; 1983 मध्ये दोन चित्रपटांत शेरलॉक होम्स. 1986 च्या माउंटबॅटनवरील मालिकेत तो जवाहरलाल नेहरू झाला. माउंटबॅटन झालेला निकोल विल्यमसनही स्कॉटिशच, म्हणजे सत्तांतराची बोलणी दोन स्कॉटिश नटांत झाली! गोऱ्या नटाने रंग लावून नेहरू होणे आज खपणार नाही.

'हाउस ऑफ कार्ड्‌स' या मालिकेने मात्र त्याला अजरामर केले. फ्रान्सिस अर्कहार्ट हा सत्ताधारी पक्षाचा प्रतोद. पंतप्रधानपदासाठी एकेकाचा काटा काढतो आणि मधूनच कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकाला आपल्या कटात ओढतो. ही युक्ती शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डची. ती भूमिका रिचर्डसनने 1975 मध्ये केली होती, त्यामुळे स्वगत कसे कुजबुजायचे हे त्याला शिकवावे लागले नाही. आवाज चढवायचा नाही, भुवई किंचित उचलायची. सभ्यपणाच अंगावर काटा आणतो. पहिला भाग 18 नोव्हेंबर 1990 रोजी दाखवला गेला आणि चारच दिवसांनी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी राजीनामा जाहीर केला. असली जाहिरात पैसे मोजून मिळत नाही. बाफ्टा पुरस्कार मिळाला, 1993 आणि 1995 मध्ये पुढचे दोन अध्यायही आले.

उतारवयात त्याने डॉ. जोसेफ बेल साकारला. होम्स ज्याच्यावरून सुचला तो हा शल्यविशारद, एडिंबराचाच. 9 फेब्रुवारी 2007 रोजी लंडनमध्ये झोपेतच रिचर्डसन गेला. पुढे स्ट्रॅटफर्डच्या नाट्यगृहाची पुनर्बांधणी झाली. त्याच्या अस्थी तिथल्या पायाभरणीत ठेवल्या आहेत.

तुझा,
मामा