बाबांनी जीप पाहिली

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी पोहोचलो त्याच रात्री पुण्याहून काकांचा फोन आला. "दादा, गाडी घ्यायची म्हणतोय. तू पाहिल्याशिवाय घेणार नाही." बाबा बावीस वर्षे सैन्यात ड्रायव्हर होते आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या खानदानात कुणीही गाडी घ्यायची म्हटली की आधी बाबांना बोलावतात. पण या वेळची गाडी सेकंडहँड मारुती नव्हती. जीप रँग्लर रुबिकॉन होती, किंमत सत्तर लाखांच्या आसपास.

मी आनंदाने उडीच मारली. या गाडीचे चित्र हाऊसमध्ये माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहे (इन्स्पेक्शनच्या दिवशी ते काढावे लागते). निघताना आईने मला बाजूला घेऊन सांगितले, "फार उड्या मारू नकोस. काका त्यासाठी गावाकडचे तीस गुंठे विकायचे म्हणतायत. जमीन दोघांच्या नावावर आहे. तुझ्या बाबांची सही लागणार."

सातारा ते पुणे एसटीत बाबा एक शब्द बोलले नाहीत. मी नवी वही घेऊन बसलो होतो. शाळेत मॅप रीडिंगच्या वहीला करतो तसे रकाने आखले: डोंगर, चिखल, पाणी, रोजचा वापर. प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायचे होते.

शोरूममधल्या दादांनी आमचे छान स्वागत केले. ते म्हणाले, ही गाडी आता पुण्याजवळ रांजणगावलाच जोडली जाते, आणि पुढची सात फटींची जाळी थेट १९४१ च्या युद्धातल्या विलीज जीपची आहे. मला राहवले नाही. मी म्हणालो, युद्धातल्या विलीजच्या जाळीत नऊ फटी होत्या, सात फटी नंतरच्या नागरी जीपला आल्या. बाबांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुढचा अर्धा तास गप्प होतो.

बाबांनी आतला मोठा स्क्रीन पाहिला नाही की सीटचे लेदर हाताळले नाही. खिशातला रुमाल जमिनीवर पसरला आणि ते गाडीखाली शिरले. मीही शिरलो. युनिटमध्ये मेंटेनन्स परेडला गाडी अशी खालूनच पाहतात, वरचा रंग काही सांगत नाही, असे ते म्हणाले. पुढचा आणि मागचा, दोन्ही अ‍ॅक्सल सलग दांड्याचे होते. एक चाक दगडावर चढले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते आणि जमीन सोडत नाही. "आमच्या जिप्सीलाही असेच होते," बाबा म्हणाले, "फक्त तिला पाटे होते, हिला कॉइल स्प्रिंग आहेत." मग त्यांनी ओढायचे हूक हाताने हलवून पाहिले आणि बाहेर येऊन मागच्या दाराला लावलेल्या स्टेपनीचा आकडा वाचला.

शहराबाहेर शोरूमवाल्यांनी मातीचा ट्रॅक केला होता. एका जागी आडवेतिडवे खड्डे होते, जिथे गाडीची तिरक्या रेषेतली दोन चाके हवेत लटकतात. इथे थोडे समजावून सांगतो, कारण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हे माहीत नाही. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. पण एक चाक हवेत किंवा चिखलात गेले, की तेच नुसते गरगर फिरते आणि जमिनीवरच्या चाकाला जोर मिळत नाही. रुबिकॉनमध्ये बटण दाबून पुढचे आणि मागचे, दोन्ही डिफरन्शियल लॉक करता येतात. मग दोन्ही चाकांना बरोबरच फिरावे लागते. शिवाय लो रेंजचे गिअर ४:१ आहे. गाडी मुंगीच्या पावलाने चालते, पण जोर चौपट.

बाबांनी लो रेंज टाकले, दोन्ही लॉक लावले आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून घेतला. गाडी स्वतःच खड्ड्यात उतरली आणि थोड्याशा गॅसवर पलीकडे चढली. पुढच्या उतारावर त्यांनी ब्रेकला पाय लावला नाही, इंजिनच गाडी धरून होते. काका मागच्या सीटवर "वा! वा!" करत होते. मी आरशात बाबांचा चेहरा पाहिला. ते हसत होते. गाडीतून उतरून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडी खरी आहे."

मी डोंगराला दहा, चिखलाला दहा आणि पाण्याला नऊ लिहिले. (७६० मिलिमीटर पाण्यातून जाते, असे कॅटलॉगमध्ये आहे. आम्ही पाण्यात घातली नाही.)

मग काका म्हणाले, घरापर्यंत नेऊ, आजीला दाखवू. शोरूमचे दादा बरोबर आले. कोथरूडच्या रस्त्यात जवळजवळ १.९ मीटर रुंदीची गाडी नेताना काकांना दोन वेळा थांबून रिक्षावाल्यांना वाट द्यावी लागली. सोसायटीत काकांची जागा दुमजली यांत्रिक पार्किंगमध्ये आहे. तिथल्या पाटीवर लिहिले आहे: कमाल वजन २००० किलो. गाडी त्याहून जड. काका म्हणाले, "बाहेर लावू." आजी काठी टेकत खाली आली. तिने साडी सावरली, एक पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशने झाली आहेत. शेवटी काकूने वरून देवघरातला पाट आणला, त्यावर चढून आजी आत बसली आणि म्हणाली, "छान आहे हो. एसटीसारखी उंच."

हे सगळे मी पाहिले होते. तरीही "रोजचा वापर" या रकान्यात मी नऊ मार्क लिहिले. का, ते सांगायला नको.

रात्री जेवणे झाल्यावर काकांनी विषय काढला. "गिऱ्हाईक तयार आहे दादा. आता तू बोल." मला वाटले, बाबा गाडीत काहीतरी खोड काढतील. त्यांना ती जमीन विकायची नव्हती, हे सगळ्यांना माहीत होते. एवढी मोठी गाडी, खोड काढायला किती जागा! काकांचा बाबांच्या शब्दावर इतका विश्वास की त्यांनी ऐकलेही असते.

बाबा म्हणाले, "गाडीला नाव ठेवायला जागा नाही. मी चालवलेल्या कुठल्याही गाडीपेक्षा ही डोंगरात पुढे जाईल. तू नेणार कुठे?"

"लडाख!"

"लेहपर्यंत डांबरी रस्ता आहे. खारदुंगला साडेसतरा हजार फुटांच्या वर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या निम्मा होतो. आमची जिप्सी धापा टाकायची. हिला टर्बो आहे, ही टाकणार नाही. पण छोट्या गाड्याही तिथे जाऊन येतात. मागच्या वर्षी तू डांबर सोडून किती वेळा गाडी चालवलीस?"

काका गप्प. मग बाबांनी जैसलमेरच्या पुढची आठवण सांगितली. नवीन असताना वाळूत जिप्सी रुतली आणि घाबरून त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चाक जेवढे फिरले तेवढे खाली गेले, अ‍ॅक्सलपर्यंत. उस्तादांनी चारही टायरांची हवा निम्मी केली, चार जवानांनी धक्का दिला, गाडी बाहेर. "जिप्सी हजार किलोच्या आत होती. ही रुतली तर ओढायला दुसरी तशीच लागेल. एकटा जाऊ नकोस."

"आणि रोजचं?" काकांनी माझ्याकडे हात केला. "तुझी वही वाच रे."

मी वाचले. "रोजचा वापर, नऊ."

स्वयंपाकघरातून आजीचा आवाज आला, "मला चढायला पाट लागला, ते लिहिलंस का?"

माझे कान तापले. पेन्सिलने लिहिले होते ते बरे. मी नऊ खोडून चार केले आणि सगळ्यांसमोर पुन्हा वाचले.

काका म्हणाले, "तुला सही करायची नाही, असं सरळ सांग ना दादा."

"सही मागशील तेव्हा करीन. जमीन तुझीही आहे," बाबा म्हणाले. "गाडीबद्दल विचारलंस, म्हणून गाडीबद्दल बोललो."

त्या रात्री दोघे गॅलरीत बराच वेळ बसले होते. काय बोलले ते मला माहीत नाही. सकाळी काका थोडे रागावल्यासारखे होते, पण एसटी स्टँडवर सोडायला आले.

मी शाळेत परत आलो. रविवारी फोनवर आई सांगते तेवढेच कळते. काकांनी अजून गाडी बुक केलेली नाही आणि नाहीही म्हटलेले नाही. तीस गुंठ्यांत या वर्षी सोयाबीन आहे. सप्टेंबरमध्ये काका आपल्या जुन्याच गाडीने लेहला जाणार आहेत आणि बाबा बरोबर जाणार आहेत. बाबांनी अट घातली होती, म्हणून काकांनी चारही टायर आणि स्टेपनी बदलली. कॅटलॉग माझ्याकडे आहे. हाऊसमधल्या सगळ्यांनी वाचून झाला, लॉकरचे चित्र असलेले पान फाटले, आणि ज्याने फाडले तो अजून कबूल होत नाही.