ट्रॉली माणसांसाठी नसते

4 एप्रिल 2025 रोजी सकाळी नांदेड तालुक्यातील आलेगाव शिवारात शेतमजुरांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. वसमत तालुक्यातील गुंज गावच्या सात बाया दगावल्या. केंद्राने दोन लाख आणि राज्याने पाच लाखांची मदत जाहीर केली. त्या ट्रॉलीत का बसल्या, हे मात्र मराठवाड्यात कुणी विचारत नाही. मजुरीला जायचे तर शेतमालकाचा ट्रॅक्टर हीच गाडी, हे गावोगाव ठाऊक असते.

ट्रॅक्टरवर चालकाखेरीज कुणाला बसवू नये, हे 1989 च्या रस्ते नियमांतच लिहिले होते. नियमामागे साधे यंत्रशास्त्र आहे. ट्रॉली एका पिनेवर अडकवलेली असते, बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरलाच पुढे रेटते. आत बसलेल्याला धरायला दांडाही नसतो.

त्यात विम्याचा पेच. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशाची भरपाई देणे विमा कंपनीवर बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात स्पष्ट केले. मग बोजा मालकावर येतो. त्याची ऐपत नसेल तर मजुराच्या घरच्यांच्या हाती निकालाचा कागदच उरतो.

लातूरकडे हीच ट्रॉली वेगळ्या रूपात भेटते. मांजरा, विकास, रेणा या कारखान्यांचे गाळप सुरू झाले की रात्रभर ऊस वाहतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांआड झाकलेले मागचे दिवे, चिखलाने माखलेले रिफ्लेक्टर.

लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग 361 आता गुळगुळीत आहे, म्हणून गाड्या ऐंशीने पळतात. पुढचा ट्रॅक्टर विसाच्या वेगाने चाललेला असतो. डिपरच्या उजेडात पन्नासेक मीटरवरचे दिसते. वेगातला फरक धरला तर ते अंतर तीन सेकंदांत संपते. त्यातला दीड सेकंद तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सरतो.

म्हणून जबाबदारी एकट्या चालकाची नाही. मालकाने दिवे, पिन आणि रिफ्लेक्टर तपासावेत. कारखान्याने रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली गव्हाणीवर रिकामी करून घेऊ नये. मुकादमाने टोळीला उसावर बसवू नये. पोराच्या हाती स्टिअरिंग देणाऱ्या बापाने मोटार वाहन कायद्यातली 2019 ची दुरुस्ती वाचावी: अल्पवयीन चालकाच्या पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. मागून येणाऱ्याने अंधारात वेग उतरवावा.

आणि अपघात दिसला तर थांबावे. मदत करणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम 134-अ चे संरक्षण आहे, तर मे 2025 पासून जखमीला सात दिवसांत दीड लाखांपर्यंतच्या रोकडरहित उपचारांची योजना लागू आहे. दिवाळी आटोपली की ट्रॅक्टर रस्त्यावर येतील. पहिली खेप भरण्याआधी ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा आणि मजुरांसाठी वेगळी गाडी ठरवा.