न पाठवलेलं पोस्टकार्ड

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत वाळलेले कपडे आई दोनदा झटकून घ्यायची. तरी राख राहायचीच. बारीक, करडी. बाल्कनीच्या कठड्यावर बोट फिरवलं की रेघ उमटायची. रात्री धुराड्यांवरचे तांबडे दिवे लागायचे आणि केंद्राच्या झगमगाटात आकाशात मोजकेच तारे उरायचे.

त्या आकाशाखाली मी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही गोष्ट वाचली. शाळेच्या ग्रंथालयातलं पुस्तक, खाकी कव्हर घातलेलं. गोष्ट संपल्यावर उठून देव्हाऱ्यातल्या गणपतीसमोर आरसा धरला. डावी सोंड उजवी झाली. ज्या देवाला रोज दूर्वा वाहायचो, त्याच्या सोंडेपाशी भूमिती येऊन बसली होती. विज्ञान परक्या देशातून येतं, ही माझी समजूत त्या संध्याकाळी मोडली.

20 मे 2025 रोजी पुण्यात नारळीकर गेले. वसाहतीतले आम्ही मित्र आता चहूकडे पांगलोय, पण त्या दिवशी सगळ्यांचे फोन आले. एकाने त्या गोष्टीतली, एक पीळ देऊन टोकं जोडलेली मोबियस पट्टी कागदाची करून फोटो पाठवला. खाली एक अक्षरही नव्हतं. घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर त्याची एखादी वस्तू हातात घेऊन बसावं, तसं झालं.

1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतामुळे तोवर त्यांचं नाव जगभर झालं होतं, 1965 सालीच पद्मभूषण मिळालं होतं. ते सगळं बाजूला ठेवून ते मराठी कथेच्या दारात नवखे म्हणून उभे राहिले. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. डिसेंबर 2021 मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, पण प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. आमच्या गावात त्यांना बघायचं राहून गेलं.

आणखीही एक राहून गेलं. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली सही मिळेल. मीही कार्ड आणलं होतं. लिहिलं होतं, ‘कोळसा झाडांपासून झाला. मग झाडांच्या आधी तो कुठे होता?’ वडील केंद्रात कामाला, घरात कोळशाचंच बोलणं. त्यातून सुचलेला प्रश्न. एवढ्या मोठ्या माणसाला काय हे विचारायचं, म्हणून कार्ड वहीतच राहिलं.

कॉलेजात उत्तर सापडलं. कोळशातला कार्बन ताऱ्यांच्या पोटात घडतो. आणि तो तिथे कसा घडतो, याचं कोडं 1950च्या दशकात उलगडलं ते हॉईल यांनीच, नारळीकरांच्या गुरूंनी. माझा प्रश्न अगदी योग्य घरी निघाला होता. मीच त्याला वाटेत अडवलं.

म्हणून एवढंच सांगतो. घरातल्या मुलाने काही विचारलं, तर त्याचा प्रश्न लहान समजू नका. उत्तर येत नसेल तर तसं सांगा, आणि त्याच्याशेजारी बसून शोधा. नारळीकरांना श्रद्धांजली वाहायची याहून चांगली रीत मला माहीत नाही.